छातीत दुखतंय: पित्त की हृदय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘काही नाही, गॅस झालाय.’ हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण दवाखान्यात उशिरा का पोचला, असं विचारलं की घरोघरी हेच उत्तर मिळतं. रस्ता लांबचा असतो, वेळेवर गाडी मिळत नाही, हे खरंच आहे. पण पुष्कळदा मोठा उशीर घरातच होऊन गेलेला असतो: ओवा चावण्यात, लिंबूसोडा पिण्यात, पाठीला बाम चोळण्यात. म्हणून हृदयाचे आणि पोटाचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. छातीत आत्ता, या क्षणी दुखत असेल तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा.

दुखणं पित्ताचं आहे की हृदयाचं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरही ईसीजी काढल्याशिवाय छातीठोक सांगत नाहीत. अंदाज बांधायला काही खुणा मात्र आहेत.

पित्ताची जळजळ बहुधा छातीच्या मधल्या हाडामागून सुरू होते आणि वर घशाकडे सरकते. तोंडाला आंबट-कडू पाणी सुटतं, करपट ढेकर येतात. भरपेट जेवणानंतर, आडवं झाल्यावर किंवा खाली वाकल्यावर ती वाढते. हृदयाचं दुखणं जळजळीपेक्षा दाबासारखं असतं. रुग्ण ‘दुखतंय’ असं म्हणतच नाहीत. ‘छाती भरून आलीय’, ‘आवळल्यासारखं होतंय’, ‘कुणीतरी वर बसलंय’ असं सांगतात. ते डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, मानेत, जबड्यात किंवा पाठीत उतरतं. सोबत दरदरून घाम फुटतो, धाप लागते, जीव घाबरा होतो.

रुग्ण हात कुठे आणि कसा ठेवतो, हेही आम्ही डॉक्टर बघतो. ‘कुठे दुखतंय?’ असं विचारल्यावर एका बोटाने नेमकी जागा दाखवली आणि तिथे दाबल्यावर दुखलं, तर ते बरगडीचं किंवा स्नायूचं असण्याची शक्यता वाढते. सबंध तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध टेकवून रुग्ण गप्प राहिला, तर आम्ही पुढचे प्रश्न विचारता विचारताच ईसीजीचं मशीन लावायला घेतो.

या सगळ्या खुणांना अपवाद आहेत. म्हणून घरच्यांसाठी नियम एकच: जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही आधी कधी न जाणवलेला दाब, कळ किंवा जळजळ पंधरा-वीस मिनिटं टिकली, किंवा सोबत घाम, धाप, चक्कर यांतलं काही असलं, तर ते हृदयाचं समजूनच निघायचं. पित्त निघालं तर एक फेरी वाया गेली, इतकंच.

हृदय वेगळं, अन्ननलिका वेगळी. मग दुखणं इतकं सारखं का?

अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून, त्याला जवळजवळ चिकटून खाली जाते. दोन्हींच्या वेदना नेणाऱ्या नसा मणक्यातल्या मज्जारज्जूत साधारण एकाच पातळीवर शिरतात. एकाच तारेवर दोन घरांच्या घंटा जोडल्या तर नेमकं कुणाचं दार वाजलं हे कळत नाही, तसं मेंदूचं होतं. हाताच्या आतल्या बाजूच्या नसाही तिथेच येऊन मिळतात, म्हणून हृदयाची कळ हातात जाणवते.

हृदयाची खालची भिंत तर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर थेट टेकलेली असते आणि त्या पडद्याखाली जठर असतं. या भिंतीला रक्त कमी पडलं की छातीत काहीच न होता पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, उलटी होते, कधी उचकीही लागते. असा रुग्ण पोटदुखीचं इंजेक्शन घेऊन घरी परत जातो, आणि हीच चूक सर्वांत महागात पडते. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचं पोट वरच्या बाजूला अचानक दुखायला लागलं, अंगाला घाम सुटला, तर ईसीजी काढायला सांगा. डॉक्टरांनी सुचवला नाही तरी तुम्ही विचारा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

सोडा प्यायलो, ढेकर आली आणि बरं वाटलं. म्हणजे गॅसच होता ना?

असा निष्कर्ष काढू नका. हृदयाचं दुखणंही लाटेसारखं येतं-जातं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी थोडी सैल झाली की कळ ओसरते आणि नेमका त्याच वेळी सोडा पोटात गेलेला असतो. उलटही घडतं. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते, त्यामुळे तिने बरं वाटलं म्हणून दुखणं हृदयाचंच होतं, असंही सिद्ध होत नाही. औषधाने आलेला आराम ही तपासणी नव्हे.

कोणाची लक्षणं वेगळी असतात?

मधुमेहींची, स्त्रियांची आणि म्हाताऱ्या माणसांची. बरीच वर्षं मधुमेह असेल तर नसा बधिर होतात आणि छातीतली कळ जाणवतच नाही. नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं किंवा साखर एकाएकी वाढते. काही वेळा झटका येऊन गेल्याचं नंतर कधीतरी काढलेल्या ईसीजीत कळतं.

स्त्रियांना छातीतला दाब होतोच, पण त्याच्या जोडीला जबडा दुखणं, पाठ भरून येणं, मळमळ, विलक्षण थकवा या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त असतात. आणि घरची बाई त्या सांगते कधी? पाहुण्यांचं जेवण उरकल्यावर, ओटा आवरल्यावर, ‘जरा पडते, दमायला झालंय’ असं म्हणून. तिच्या कपाळावरचा थंड घाम उन्हाळ्याचा म्हणून पुसला जातो. आई, सासू, काकू अशी अवेळी आडवी झाली तर जवळ बसा, विचारा, हात लावून बघा. अंग थंड आणि घामेजलेलं असेल तर तिच्या ‘नको गं, काही नाही’ला मान देऊ नका.

झटका वाटतोय. पहिल्या तासात नेमकं काय करायचं?

रुग्णाला आहे तिथे बसवा, पाठीला टेकू द्या. त्याला जिना उतरायला लावू नका, स्वतः स्कूटर काढून निघू देऊ नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात. गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवत न्यावं. दाराची कडी काढून ठेवा, चालू औषधांची पिशवी आणि जुने कागद हाताशी घ्या.

ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सरमधून रक्तस्राव झालेला नसेल आणि रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू नसेल तर ॲस्पिरिन साधारण ३०० मिलिग्रॅम चावून खायला देतात. गिळायची नाही, चावली की लवकर लागू पडते. १०८ वर बोलताना तिथल्या डॉक्टरांना विचारून दिली तर उत्तम. सॉर्बिट्रेटचं तसं नाही. शेजारच्यांच्या डब्यातली सॉर्बिट्रेट सरळ तोंडात टाकणं धोक्याचं आहे. रक्तदाब आधीच खाली असेल तर ती तो आणखी पाडते. आदल्या दिवस-दोन दिवसांत लैंगिक शक्तीची गोळी घेतली असेल तर तो जिवावर बेतण्याइतका पडू शकतो. ही गोष्ट संकोचापोटी लपवली जाते. डॉक्टरांना सांगा, ते कुणाला सांगत नाहीत.

कुठे न्यायचं? जिथे लगेच ईसीजी निघेल आणि पुढचे उपचार होतील अशा ठिकाणी. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की साधारण अर्ध्या तासाच्या पुढे स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. अँजिओप्लास्टीची (बंद वाहिनी आतून फुग्याने उघडण्याची) सोय असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडणं हे उद्दिष्ट असतं. ती सोय दूर असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीही देता येतं. दुखायला लागल्यापासून १२ तासांपर्यंत ते देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. गोव्यात २०१८ च्या अखेरीपासून हेच सूत्र धरून काम चालतं: लहान सरकारी रुग्णालयात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांकडे पाठवायचा आणि त्यांच्या सल्ल्याने इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं. प्रत्येक तालुक्यात असं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रुग्ण बेशुद्ध पडला, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबला किंवा आचके देत असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘एकटे असाल तर जोरजोरात खोका’ हा उपाय विसरून जा. खोकण्यात गेलेला वेळ फोन करायला वापरा.

ईसीजी नॉर्मल आला. आता निर्धास्त राहू का?

लगेच नाही. पहिला ईसीजी कोरा असूनही झटका चालू असू शकतो, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणीही तशीच. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, ते वाढायला काही तास लागतात. दुखायला लागल्यावर तासाभरात केलेली तपासणी नॉर्मल आली तर ती पुन्हा करावी लागते. डॉक्टर चार-सहा तास थांबायला सांगतात ते यासाठी. ‘बिल वाढवतायत’ असं म्हणून सही करून निघून जाऊ नका.

जिना चढताना छाती भरते, थांबलं की दोन मिनिटांत जाते. हे काय?

बहुतेक वेळा अंजायना, म्हणजे हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्याची सूचना. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने अठराव्या शतकात हे दुखणं पहिल्यांदा नीट नोंदवलं तेव्हा त्याने लिहिलं होतं की ते चालताना होतं, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच. ‘जेवणानंतर’ या भागानेच आजही घोटाळा होतो. रात्री जेवून शतपावलीला निघालेल्या माणसाची छाती भरून येते आणि तो म्हणतो, ‘आज जेवण जड झालं.’ जेवण पचवायला पोटाकडे रक्त जास्त लागतं, त्यात चालण्याचे श्रम, म्हणून हृदयावरचा ताण वाढतो.

दुखणं श्रमाशी बांधलेलं असेल, चाललं की येतं आणि थांबलं की जातं, तर ते पित्ताचं मानू नका. बसल्याजागी काढलेला ईसीजी अशा रुग्णांत पुष्कळदा साफ असतो. त्यांना ट्रेडमिलची तपासणी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), गरज पडल्यास अँजिओग्राफी (वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) लागते. आधी चार मजले चढल्यावर व्हायचं ते आता एका मजल्यात होतंय, किंवा बसल्या बसल्या होतंय, असा बदल दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मी अवघा ३८ वर्षांचा आहे. मला कशाला हृदयविकार होईल?

वयावर विसंबू नका. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं वय साधारण ५३ होतं, इतर देशांत ५८-५९. आपल्याकडे तो पाच-सहा वर्षं आधी येतो. त्याच अभ्यासातून हेही दिसलं की धोक्याचा ९० टक्क्यांहून मोठा वाटा नऊ ओळखीच्या गोष्टींचा असतो, ज्यांत तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण आणि व्यायामाचा अभाव येतात. यातलं बरंचसं मोजता येतं आणि बदलता येतं. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या वर गेली असेल तर वजनकाट्यावर आकडा काहीही दिसो, काळजी घ्यायची वेळ आली आहे.

पित्त वारंवार का होतं?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक स्नायूंची झडप असते. ती ढिली पडली की जठरातलं आम्ल वर येतं. जठराचं अस्तर आम्ल सोसायला बनलेलं आहे, अन्ननलिकेचं नाही, म्हणून जळजळ. पोटाचा घेर, गरोदरपण, धूम्रपान, दारू, आणि रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं होणं, ही नेहमीची कारणं. काहींना चहा-कॉफी, तळकट, आंबट सोसत नाही, तर काहींना त्याने काहीही होत नाही. स्वतःला काय बाधतं ते पंधरा दिवस लिहून ठेवा. शेजारणीची यादी वापरू नका. दिवसभर कोरडा उपास, अधूनमधून चहा आणि रात्री तेलकट साबुदाणा वडे, असा उपास पुष्कळांना बाधतो. उपास करू नका असं मी म्हणत नाही. थोडं थोडं खा, ताक घ्या, राजगिरा, फळं, वरई घ्या.

खरोखर उपयोगी पडणारे उपाय साधे आहेत. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाचे उशाकडचे पाय विटा घालून १५-२० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडतं आणि त्रास वाढू शकतो. डाव्या कुशीवर झोपा. पाच-सात किलो वजन उतरलं तरी फरक पडतो.

फ्रूट सॉल्टच्या पुडीबद्दल मात्र सावध राहा. ५ ग्रॅमच्या एका पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं आणि दिवसभराची मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी ती रोजची सवय करू नये.

तिखट खाऊन अल्सर होतो का?

नाही. तिखटाने असलेली जळजळ वाढू शकते, पण जखम होण्याची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला होता. रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जिवाणू असल्यास तीन-चार औषधांचा साधारण १४ दिवसांचा पूर्ण कोर्स लागतो. अर्ध्यात सोडला तर तो पुन्हा डोकं वर काढतो.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या हे दुसरं कारण. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या या गोळ्या जठराला जखम करतात आणि रक्तदाब वाढवून हृदयावरही भार टाकतात. घरातल्या आजी-आजोबांच्या उशाखाली कोणत्या गोळ्या आहेत, एकदा बघाच.

रोज सकाळी पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेतो. किती वर्षं घ्यावी?

डॉक्टरांनी कारण सांगून दिली असेल तर त्यांनी सांगितलेला काळ. ती नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, जेवणानंतर नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उलट जास्त सुटतं आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असं वाटतं. म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर गोळ्यांवर वेळ काढू नका. एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) लागते.

स्टेंट बसवल्यानंतरच्या गोळ्यांनी पित्त होतं. त्या बंद केल्या तर?

आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. स्टेंटमध्ये, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीत, गुठळी झाली तर पुन्हा झटका येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल जठराला त्रास देतात हे खरं आहे. म्हणूनच सोबत आम्ल कमी करणारी गोळी लिहिलेली असते. तीही परस्पर बदलू नका: ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं, पँटोप्राझोलचा तसा त्रास फारसा नाही. दुकानदाराने ‘हीच कंपनी नाही, दुसरी देतो’ म्हटलं तर औषधाचं मूळ नाव वाचून घ्या. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. काळी शौच झाली तर त्याच दिवशी दाखवा (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही सांगा).

गॅस छातीत चढून हृदय बंद पडतं का?

नाही. आतड्यातला वायू हृदयापर्यंत जायला वाट नाही. पोट फार फुगलं की धडधड जाणवू शकते, ती बहुधा निरुपद्रवी असते. चक्कर येत असेल तर तपासून घ्या.

पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, पायांना सूज आहे. पोटाचे डॉक्टर की हृदयाचे?

आधी हृदय तपासा. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली की यकृतात आणि आतड्यात पाणी साठतं, भूक मरते, पोट जड होतं. रात्री सपाट झोपता येत नाही, दोन-तीन उशा लागतात. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर ते चरबीचं नव्हे, पाण्याचं आहे. असे रुग्ण महिनोन् महिने पचनाची चूर्णं घेत राहतात. एका टू-डी एकोने उलगडा होतो.

अँजिओप्लास्टीचा खर्च झेपणार नाही. काय करावं?

खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास या दोन्ही येतात. त्यासाठी योजनेतलं अंगीकृत रुग्णालय हवं. तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष असतो, पोचल्याबरोबर घरच्यांपैकी एकाने थेट तिथे जावं. रेशन कार्ड आणि आधार लागतं. तुमच्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे आणि तिथे रात्री अँजिओप्लास्टी होते का, हे आजच विचारून ठेवा आणि तो फोन नंबर फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवा.